पाणी कुठं अडलं?

घरच्या एस्प्रेसो यंत्राचं चकचकीत कवच चार स्क्रू काढून बाजूला केलं, की चांगल्या यंत्रात आत पितळ निघतं. बॉयलर पितळेचा, नळ्या तांब्याच्या आणि हँडल जिथे अडकवतात तो जड गोळा क्रोमचं पाणी चढवलेला, पण आतून अस्सल पितळी. हे बघून भंडाऱ्यात तरी कुणी दचकायचं कारण नाही. हंडे, गुंड, घंगाळं, पराती यांवर या शहराने पिढ्यान्‌पिढ्या नाव कमावलं. पुढे स्टीलने आणि मग प्लॅस्टिकने तो धंदा आकसून टाकला, तरी ‘पितळनगरी’ ही ओळख काही पुसली नाही. पितळ कशाने उजळतं, कशाने खराब होतं, त्यात काय ठेवू नये, हे इथल्या कुठल्याही आजीला ठाऊक असतं. एस्प्रेसो यंत्राच्या दुरुस्तीला लागणारं निम्मं रसायनशास्त्र तेवढंच आहे.

ही यंत्रं इकडे येतात ती बहुधा पोरांच्या मागे मागे. पुण्या-बंगळुरूला नोकरी करणारी मुलगी ऑनलाइन मागवून पाठवते, नाहीतर अमेरिकेतला मुलगा दिवाळीला येताना बॅगेतून घेऊन येतो. काही महिने झकास जातात. मग एके सकाळी बटण दाबलं की नुसती घरघर. कंपनीला फोन लावला तर उत्तर ठरलेलं असतं, मशीन पाठवून द्या. नागपूर साठेक किलोमीटरवर आहे, पण तिथेही त्या ब्रँडचा माणूस भेटेलच असं नाही. यंत्र मग माळ्यावर जातं. वास्तविक त्यातले बरेचसे बिघाड एक पेचकस, एक पक्कड आणि काही शे रुपयांचा मल्टिमीटर एवढ्यावर घरीच सापडतात. फक्त कुठलाही भाग बदलण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: पाणी कुठं अडलं?

त्यासाठी हे यंत्र मुळात काय आहे ते डोक्यात स्पष्ट हवं. पंप जोडलेला बंब, याहून ते फारसं काही नाही. टाकीतलं थंड पाणी पंप ओढतो आणि बॉयलरमध्ये ढकलतो. तिथे ते ९० ते ९६ अंशांपर्यंत तापतं आणि सुमारे ९ बार दाबाने, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या नऊपट जोराने, बारीक दळलेल्या कॉफीच्या दाबून बसवलेल्या चकतीतून पार होतं. पूड १८ ग्रॅम, वेळ २५ ते ३० सेकंद, कपात कॉफी ३६ ग्रॅमच्या आसपास. आवडीप्रमाणे हे आकडे थोडे इकडे-तिकडे होतात.

नऊ बारचा आकडा तसा उशिरा आला. इटलीत तुरिनच्या अँजेलो मोरिओन्दोने १८८४ साली आणि मिलानच्या लुइजी बेझ्झेराने १९०१ साली ज्या यंत्रांचं पेटंट घेतलं ती वाफेवर चालणारी होती. वाफेचा दाब जेमतेम दीड बार, त्यामुळे कॉफी झटपट व्हायची, पण कडवट आणि सायीविना. अकिल्ले गाज्जियाने १९३८ साली वेगळ्या रचनेचं पेटंट घेतलं आणि महायुद्धानंतर दांडा ओढून दट्ट्याने पाणी ढकलणारी यंत्रं बाजारात आणली. कॉफीवर ती सोनेरी साय तेव्हापासून दिसू लागली. १९६१ साली फाएमा कंपनीच्या ‘ई ६१’ यंत्राने दांड्याचं काम विजेच्या पंपावर सोपवलं. त्याचा चार किलोंच्या घरातला पितळी गोळा इतका जमून गेला की आजही अनेक महागड्या घरगुती यंत्रांवर तोच बसवतात.

लग्नाच्या मांडवात ‘एस्प्रेसो’ची पाटी लावून जे उभं असतं ते यंत्र मात्र वेगळं. त्यात बॉयलर आहे, दाबाचं घड्याळ आहे, वाफेची तोटी आहे, पण कॉफीतून पाणी दाबून नेणारं काहीच नाही. इन्स्टंट कॉफी, साखर आणि दूध यांच्यात वाफेचा फवारा सोडायचा, फेस आणायचा, वरून चॉकलेटची पूड भुरभुरायची. इटालियन माणूस नाक मुरडेल, मला ती आवडते. दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र त्या यंत्राकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्याचा सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे डोक्यावरची सेफ्टी व्हॉल्व्ह. ती क्षारांनी चिकटली, किंवा फुसफुसते म्हणून कुणी आवळून बंद केली, तर ते भांडं बॉम्ब होतं. घरच्या यंत्रातही अशी एक झडप असते. बाकी कशालाही हात लावा, तिला बूच मारू नका.

यंत्र उघडण्यापूर्वी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग वाफेची तोटी उघडून आतली फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत सोडायची आणि तासभर थंड होऊ द्यायचं. वाफेच्या वेळी बॉयलर १३०-१४० अंशांवर असतो. त्या पाण्याचा चटका साध्या उकळत्या पाण्याहून वाईट.

आता तपास. समजा, यंत्र तापतं, दिवा लागतो, पण कॉफीच्या ठिकाणाहून पाणी येत नाही. हँडल काढून ठेवा आणि वाफेची किंवा गरम पाण्याची तोटी उघडून पंप चालवा. तोटीतून पाणी जोरात आलं, तर टाकी, पंप आणि बॉयलर निर्दोष सुटले. अडथळा बॉयलरच्या पुढे आहे, म्हणजे कॉफीवर पाणी शिंपणाऱ्या जाळीत किंवा तिच्या मागच्या विजेवर चालणाऱ्या झडपेत. तोटीतूनही थेंब आला नाही, तर दोष मागे आहे. एका मिनिटात निम्मं यंत्र संशयातून बाहेर पडतं. शेतातल्या पाइपलाइनला पाणी येत नसेल तर जाणता माणूस पहिल्या फुटापासून खणत जात नाही, मधला व्हॉल्व्ह उघडून बघतो. मांडणी तीच.

दोष मागे असेल तर कान लावा. घरगुती यंत्रातला पंप बहुधा कंपनाचा असतो. तारेच्या गुंडाळीत एक छोटा लोखंडी दट्ट्या विजेच्या प्रत्येक आवर्तनाला एकदा मागे-पुढे होतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला पन्नास ठोके. पाणी भरलेला पंप जड, दबलेला आवाज काढतो. टाकी रिकामी राहिल्यामुळे हवा अडकली की तोच पंप मोठ्याने खडखडतो आणि काहीच ढकलत नाही. अशा वेळी वाफेची तोटी उघडी ठेवून थांबत थांबत पंप चालवला, तर हवा सहसा निघून जाते. नाहीच निघाली, तर मेडिकलमधून सुई नसलेली मोठी सिरिंज आणायची आणि टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या नळीत तिने पाणी सारायचं. पंपाचा आवाजच नसेल, तर त्याच्यापर्यंत वीज पोचते का ते बघावं लागतं. या पंपांच्या अंगावर दोन मिनिटं चालू, एक मिनिट बंद, अशा अर्थाचा आकडा छापलेला असतो. तो वाचायची तसदी कुणी घेत नाही. दहा पाहुण्यांसाठी सलग कॉफ्या काढताना गुंडाळी तापते आणि आतला संरक्षक स्विच पंप बंद करतो. अर्ध्या तासाने तो आपोआप सुरू झाला, तर पंप मेलेला नव्हता, दमला होता.

दोष पुढे असेल, तर आधी जाळी. मधला स्क्रू काढला की ती खाली येते. मागे कॉफीच्या तेलाचा काळा, चिकट थर सापडतो. तो गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने जातो. जाळी स्वच्छ असूनही पाणी येत नसेल, तर झडप. ती बहुतेक मधल्या आणि वरच्या किमतीच्या यंत्रांत असते. कॉफी काढून झाली की उरलेला दाब ती मागच्या वाटेने सांडपाण्याच्या ताटात सोडते. म्हणूनच कॉफीचा चोथा कोरडा, वडीसारखा निघतो. चोथा रोज चिखल होऊन येत असेल, किंवा कॉफी चालू असताना ताटातच पाणी पडत असेल, तर झडपेच्या रबरी टोकात क्षाराचा कण अडकला आहे असं समजा. दोन स्क्रू, एक गुंडाळी, एक स्प्रिंग, एवढंच ते प्रकरण. उघडताना मोबाइलवर फोटो काढत गेलात तर परत जुळवताना चुकत नाही.

हँडलच्या कडेने पाणी झिरपणं ही सगळ्यात सामान्य तक्रार आणि सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. तिथला रबरी गॅस्केट रोजच्या उष्णतेने वर्षा-दोन वर्षांत कडक होतो. नखाने दाबून बघा. नख रुतलं नाही तर त्याचे दिवस भरले. आधी मात्र कडेला अडकलेली पूड ओल्या ब्रशने साफ करून पाहावी, कारण निम्म्या वेळा गळती तिच्यामुळेच असते. वाफेच्या तोटीचा त्रास वेगळा. दूध फेसवल्यावर तोटी नुसती बाहेरून पुसून ठेवली, तर बॉयलर निवताना आत पोकळी तयार होते आणि दुधाचा शेवटचा थेंब आत ओढला जातो. आठवडाभराने वाफेला आंबूस वास का येतो याचं उत्तर त्या थेंबात आहे. दूध झालं की दोन सेकंद वाफ मोकळी सोडायची, झालं.

आतापर्यंतच्या बिघाडांमागे बहुतेक वेळा एकच गुन्हेगार उभा असतो, तो म्हणजे पाणी. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, भिंतींवर बसते. साखर-मिठाच्या उलट, चुनखडी गरम पाण्यात कमी विरघळते. त्यामुळे थर नेमका तिथेच धरतो जिथे उष्णता जास्त, म्हणजे एलिमेंटवर. थर साचला की एलिमेंटची उष्णता पाण्यात जात नाही, ते आतल्या आत भाजतं आणि एक दिवस फुटतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ३०० मिलिग्रॅमचं पाणी रोज एक लिटर वापरलं, तर वर्षाला शंभर ग्रॅमहून अधिक क्षार यंत्रातून जातात. सगळे आत बसत नाहीत, बरेचसे कपात उतरतात. पण वाफ करताना फक्त पाणी उडतं आणि क्षार मागेच राहतात, म्हणून लाटे-कापुचिनोवाल्या घरांत थर लवकर धरतो.

भंडाऱ्यात तीन तऱ्हेचं पाणी यंत्राच्या टाकीत जातं: नळाचं, बोअरचं आणि आरओचं किंवा कॅनचं. वैनगंगेच्या काठी राहूनही इथली घरं आरओकडे वळली, त्याला कारण आहे. नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानमध्ये जाते आणि कन्हान वैनगंगेत. गोसीखुर्द धरणाचं पाणी मागे तुंबू लागल्यापासून तर नदीच्या पाण्याबद्दलची ओरड वाढतच गेली. मग कॉफीलाही आरओचंच वापरावं हे ओघानं आलं. क्षार नाहीत म्हणजे थर नाही, इथवर ते बरोबर आहे. पण अगदी निव्वळ पाणी धातूला भुकेलं असतं. ते पितळेतला जस्त आणि तांबं हळूहळू ओढून घेतं. मोठ्या यंत्रांत त्याचा आणखी एक घोटाळा होतो. बॉयलर किती भरला हे ओळखणारी सळई पाण्यातून वाहणाऱ्या क्षीण विजेवर चालते, आणि क्षारच नसतील तर पाण्यातून वीज वाहत नाही. सळईला बॉयलर रिकामाच वाटतो आणि पंप पाणी भरतच राहतो. उपाय सोपा आहे: मिसळा. नळाचं पाणी ३५० मिलिग्रॅमचं असेल, तर चार भाग आरओत एक भाग नळाचं घातल्यावर ७० च्या आसपास येतं, आणि ते यंत्रालाही मानवतं, चवीलाही. आरओच्या डब्यात टीडीएस कमी-जास्त करायचा स्क्रू असेल, तर तो वाढवूनही भागतं.

थर बसलाच असेल तर किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळणारं सायट्रिक ॲसिड पुरतं. लिटरभर कोमट पाण्यात वीस-तीस ग्रॅम. ते टाकीत घालून थोडं थोडं पुढे ढकलायचं, मध्ये पाच-दहा मिनिटं थांबायचं, आणि मग साध्या पाण्याच्या दोन-तीन टाक्या काढून टाकायच्या. व्हिनेगर वापरू नका. वास महिनाभर जात नाही आणि काही रबरांना ते सोसत नाही. जास्त ॲसिड म्हणजे जास्त सफाई, हाही समज सोडून द्यावा. इथे आजीचं ज्ञान कामाला येतं. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. आंबट पदार्थ तांबं-जस्त विरघळवतो, ताकाला हिरवट झाक आणि ओकारी आणणारी चव येते. लिंबूसत्वाचं पाणी रात्रभर बॉयलरमध्ये ठेवलं तर नेमकं हेच होतं. बाहेर येणारं पाणी निळसर-हिरवं दिसू लागलं, तर चुनखडी संपली आणि ॲसिड आता पितळ खातंय. तत्क्षणी थांबा. ॲल्युमिनियमचा बॉयलर असेल तर वेळ आणखी कमी, आणि यंत्रासोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय त्याच्या पुढे जायचंच नाही.

पितळेच्या कारागिराकडे बॉयलर न्यावा का? जोडाच्या जागी फट पडली असेल, आटे झिजले असतील, तर त्याच्या हातचं काम चांगलंच. पण भांड्यांना द्यायचा साधा डाग इथे नको. त्या झाळात बऱ्याचदा शिसं असतं, ते गरम पाण्यात उतरतं, शिवाय ते कमी तापमानाला मऊ होतं. चांदीच्या झाळाने जोडून द्या, असं स्पष्ट सांगावं. आणि फुटलेला बॉयलर असेल, तर कुणाकडेच नेऊ नका, नवा घ्या. दाबाच्या भांड्याला ठिगळ चालत नाही.

विजेचे बिघाड शोधायला मल्टिमीटर हवा. प्लग काढलेला असताना एलिमेंटच्या दोन टोकांमधला रोध मोजा. २३० व्होल्टवर १००० वॉटचं एलिमेंट ५३ ओहमच्या आसपास दाखवतं, १३५० वॉटचं ३९ च्या. काहीच दाखवलं नाही तर तार तुटली. एका टोकापासून बॉयलरच्या धातूपर्यंत रोध दिसला, तर एलिमेंटला चीर आहे आणि वीज गळते. घरात ईएलसीबी असेल तर यंत्र चालू करताच तो पडतो. नसेल तर यंत्राला हात लावताच झिणझिण्या येतात, आणि मग ते इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय चालू करायचं नाही. एलिमेंट ठीक असूनही यंत्र पूर्ण मेलेलं असेल, तर बॉयलरला चिकटलेला थर्मल फ्यूज तपासा. तो एकदाच उडतो, पुन्हा जुळत नाही. काही हुशार मंडळी त्याच्या जागी तार जोडून मोकळी होतात. फ्यूज का उडाला हे शोधायच्या आधी तार जोडणं म्हणजे घर जाळायची तयारी.

अमेरिकेहून आलेलं यंत्र हा निराळा अध्याय. तिथली वीज १२० व्होल्टची. १२०० वॉटचं तिथलं एलिमेंट १२ ओहमचं असतं. ते आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलं तर ४४०० वॉट खेचतं, आणि मग फ्यूज उडाला तर नशीब म्हणायचं. दीड हजार वॉटहून मोठा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला तर तापणं सुटतं, पण तिथली ६० हर्ट्झची आवर्तनं इथे ५० च राहतात. ट्रान्सफॉर्मर ती बदलत नाही. पंपाचे ठोके कमी होतात आणि गुंडाळी जास्त तापते. पंप आणि एलिमेंटसकट विजेचे भाग २३० व्होल्टचे घालून घेणं हा खरा इलाज.

उलटा प्रकार उन्हाळ्यात. एप्रिल-मे महिन्यांत कूलर, एसी आणि उन्हाळी धानाचे पंप एकदम चालू असतात, गावाकडे व्होल्टेज १८० वर घसरतं. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे एलिमेंट नेहमीच्या जेमतेम साठ टक्के ताकदीने तापतं आणि पंपही मलूल होतो. संध्याकाळी कॉफी फिक्की आणि पहाटे उत्तम होत असेल, तर यंत्र उघडू नका. दोष तारांत आहे.

आणि कितीदा तरी दोष पुडीत असतो. इन्स्टंट कॉफी या यंत्रात घालायचीच नाही, ती विरघळून सगळीकडे चिकटते. दक्षिणी फिल्टर कॉफीच्या पाकिटात बहुधा चिकोरी असते, कायद्याने ती मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चालते. चिकोरी फुगते, जाळीची भोकं बुजवते, आणि मालक पंप बदलायला निघतो. बिनचिकोरीच्या बिया मागवा. अगदी विदर्भातच, चिखलदऱ्याला, कॉफी पिकते. दळण भरड असेल तर पाणी दहा सेकंदांत धो-धो निघतं, फार बारीक असेल तर थेंबही पडत नाही, आणि दोन्ही वेळा यंत्र निर्दोष असतं. खात्रीसाठी पूड न घालता रिकामं हँडल लावून पाणी सोडा. धार स्वच्छ आणि सरळ आली तर पेचकस खाली ठेवा.

सुटे भाग मागवताना नुसतं कंपनीचं नाव सांगून भागत नाही. यंत्राच्या बुडाशी असलेल्या पट्टीचा फोटो काढा, त्यावर मॉडेल, व्होल्ट, हर्ट्झ आणि वॉट असतात. पंपावरचा क्रमांक वेगळा टिपून घ्या. गॅस्केटसाठी आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी अशी तीन मापं लागतात. जुना गॅस्केट फेकू नका. नवा आला की दोन्ही शेजारी ठेवून जाडी ताडून बघा. ८ आणि ८.५ मिलिमीटर डोळ्याला सारखेच दिसतात, पण जाड गॅस्केटने हँडल पुरतं वळत नाही आणि पातळ गॅस्केटने ते गरजेपेक्षा जास्त वळून पुन्हा गळू लागतं.